मद्यपी वाहनचालकांविषयीचे दंडविधान

मद्य किंवा अन्य मादक पदार्थाच्या अंमलाखाली सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविणे हा बहुतेक देशांत स्वतंत्र अपराध मानला जातो. तो पूर्ण होण्यासाठी अपघात घडणे किंवा कोणाला इजा होणे आवश्यक नसते. इतरांच्या जीविताला धोका निर्माण करणे एवढेच त्यासाठी पुरेसे असते. या बाबतीत तो मनुष्यवध, दुखापत यांसारख्या, प्रत्यक्ष हानीनंतर लागू होणाऱ्या अपराधांहून भिन्न आहे. द्रव्यदंड, कारावास, वाहन चालविण्याचा परवाना निलंबित वा रद्द करणे आणि पुनरपराध्यास वाढीव शिक्षा हे या दंडविधानाचे सर्वसाधारण घटक होत. त्याच्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासात दोन प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेले दिसतात. चालक मद्याच्या अंमलाखाली होता हे कशावरून ठरवावयाचे, हा पहिला. जरब कशाने बसते, शिक्षेच्या कठोरपणाने की ती चुकणार नाही या खात्रीने, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शास्त्रीय मापनाने बऱ्याच अंशी दिले. दुसऱ्याचे उत्तर अनुभवाने मिळाले; तथापि ते अंमलात आणणे अनेक देशांना अवघड गेले आहे.

प्रारंभीचे कायदे : मोटारगाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच या अपराधाची कायद्यात नोंद झाली होती. इंग्लंडमधील १८७२ च्या मद्यपरवाना अधिनियमाच्या बाराव्या कलमानुसार हमरस्त्यावर गाडी, घोडा, गुरे किंवा वाफेचे एंजिन ताब्यात असताना मद्यधुंद असणाऱ्या इसमास ४० शिलिंगांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कारावास ठरविण्यात आला. १८९७ च्या सप्टेंबरमध्ये लंडन येथे जॉर्ज स्मिथ नावाच्या चालकाने विजेवर चालणारी भाड्याची गाडी न्यू बाँड स्ट्रीटवरील एका इमारतीवर नेऊन आदळली. त्याला २५ शिलिंग दंड झाला. मोटार चालविताना मद्यधुंद असल्याबद्दल ब्रिटनमध्ये झालेली ही पहिली शिक्षा मानली जाते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९१० मध्ये या विषयावर कायदा केला.

मोटारींची संख्या वाढली, तसा ४० शिलिंगांचा दंड अपुरा ठरला. १९२५ च्या ब्रिटिश फौजदारी न्याय अधिनियमाने यांत्रिक वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करून ५० पौंडांपर्यंत दंड, चार महिन्यांपर्यंत कारावास आणि परवाना धारण करण्यास अपात्रता अशा शिक्षा घातल्या. १९३० च्या रस्ते वाहतूक अधिनियमाने अपराधाची व्याख्या बदलली. ‘मद्यधुंद’ या संदिग्ध शब्दाऐवजी, वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ ठरण्याइतका मद्याचा अंमल, ही कसोटी तिने स्वीकारली.

व्याख्या सुधारली, तरी पुरावा जुन्याच पद्धतीचा राहिला. पोलिसांनी पाहिलेली चाल, डॉक्टरांनी नोंदविलेला तोंडाचा वास, डोळ्यांची लाली, बोलण्यातील अडखळणे आणि आखलेल्या रेषेवरून चालता येते की नाही, यांवर निकाल अवलंबून असे. हीच लक्षणे थकवा, आजार किंवा अपघाताचा धक्का यांमुळेही दिसू शकतात. उलट, नित्य मद्यपान करणाऱ्याच्या अंगी ती दिसतीलच असे नाही. शिवाय चौकशीला होणाऱ्या विलंबाचा लाभ आरोपीस मिळे. ज्यूरीतील अनेकजण स्वतः मद्य घेणारे आणि मोटार बाळगणारे असल्यामुळे आरोपीच्या जागी ते सहज स्वतःची कल्पना करीत. परिणामी कायद्यात शिक्षा असूनही दोषसिद्धी दुर्मिळ राहिली.

मापनाचा प्रारंभ : या अडचणीतून मार्ग काढण्याचे श्रेय मुख्यतः स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक विडमार्क यांच्याकडे जाते. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून अल्कोहॉलचे प्रमाण काढण्याची रीत त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केली. शरीरात अल्कोहॉलचे ज्वलन जवळजवळ स्थिर गतीने होते. सर्वसाधारण व्यक्तीच्या १०० मिलि. रक्तातून तासाला सु. १५ मिग्रॅ. अल्कोहॉल कमी होते. यामुळे उशिरा घेतलेल्या नमुन्यावरूनही अपघातसमयीच्या प्रमाणाचा अंदाज बांधता येऊ लागला. नॉर्वेने १९३६ मध्ये १०० मिलि. रक्तात ५० मिग्रॅ. ही मर्यादा कायद्याने निश्चित केली. तीहून अधिक प्रमाण आढळले, की चालकाचे वर्तन कसे होते याची चर्चा न करता अपराध सिद्ध धरला जाऊ लागला. अपराधाचे लक्षण चालकाच्या हालचालींतून त्याच्या रक्तात हलविणारे हे पाऊल या दंडविधानाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे ठरले. स्वीडनने १९४१ मध्ये तसाच कायदा केला. १९९० मध्ये तेथील मर्यादा २० मिग्रॅ.पर्यंत खाली आणण्यात आली.

अमेरिकेत मापनासाठी श्वासाचा उपयोग करण्यात आला. रोला हार्गर यांनी १९३० नंतरच्या दशकात इंडियाना विद्यापीठात श्वासातील अल्कोहॉल मोजणारे उपकरण तयार केले. १९३९ मध्ये इंडियाना राज्याने रक्तातील १५० मिग्रॅ. प्रमाण हा मद्याच्या अंमलाचा पुरावा मानला. ही मर्यादा पुष्कळच सैल होती. रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये सुटसुटीत श्वासपरीक्षक बनविला. त्यानंतर त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९६२–६३ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे अपघातात सापडलेले सु. ६,००० चालक आणि तशाच वेळी त्याच ठिकाणांवरून जाणारे सु. ७,५०० इतर चालक यांची तुलना करण्यात आली. रक्तातील प्रमाण ८० मिग्रॅ.च्या पुढे गेल्यावर अपघाताचा संभव झपाट्याने वाढतो, असे तीतून दिसून आले. नंतर अनेक देशांनी ठरविलेल्या मर्यादांना या पाहणीचा आधार लाभला.

मापनाबरोबर एक घटनात्मक प्रश्न उद्भवला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही; मग स्वतःचे रक्त देण्याची सक्ती कशी करता येईल ? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने श्मर्बर खटल्यात (१९६६) रक्त हा शारीरिक पुरावा आहे, साक्ष नव्हे, असा निर्णय दिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने काथी कालू ओघड खटल्यात (१९६१) बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने यांच्या संदर्भात संविधानाच्या अनुच्छेद २० (३) चा असाच अर्थ लावला होता. २०१६ मध्ये अमेरिकन न्यायालयाने थोडा फरक केला. अटकेनंतर श्वासाच्या चाचणीस न्यायालयीन आदेशपत्र लागत नाही, मात्र शरीरात सुई टोचून रक्त घेण्यास ते सामान्यतः आवश्यक आहे, असे त्याने ठरविले.

ब्रिटनमधील प्रयोग : बार्बरा कॅसल वाहतूकमंत्री असताना संमत झालेला रस्ता सुरक्षा अधिनियम ९ ऑक्टोबर १९६७ पासून ब्रिटनमध्ये श्वासपरीक्षणासह अंमलात आला. १०० मिलि. रक्तात ८० मिग्रॅ.हून अधिक अल्कोहॉल असणे हाच अपराध ठरला. नमुना देण्यास नकार देणाऱ्यासही तीच शिक्षा ठेवण्यात आली. दोषी ठरलेल्यास किमान एक वर्ष वाहन चालविण्यास बंदी करणे न्यायालयावर बंधनकारक करण्यात आले. वाटेल त्या वाहनास थांबवून तपासणी करण्याचा मूळ प्रस्ताव मात्र विरोधामुळे वगळावा लागला. संशयास कारण असेल, वाहतुकीचा नियम मोडला असेल किंवा अपघात झाला असेल, तरच पोलिसांना चाचणी घेता येई.

पहिल्या वर्षी रस्त्यांवरील मृत्यूंत सु. १,१५० ची घट झाली. परंतु हा परिणाम टिकला नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एच. लॉरेन्स रॉस यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे कारण मांडले. कायद्याच्या मोठ्या प्रसिद्धीमुळे आपण पकडले जाऊ, असे चालकांना प्रारंभी वाटले. प्रत्यक्षात चाचण्या थोड्याच होतात, हे ध्यानात येताच पूर्वीच्या सवयी परतल्या. शिक्षा तीच होती, कायदा तोच होता. ओसरली ती पकडले जाण्याची भीती. नॉर्वे व स्वीडन येथील तुरुंगवासाच्या कडक शिक्षांमुळेच तेथे मद्यपी चालक कमी आहेत, या सार्वत्रिक समजुतीला सांख्यिकीय आधार मिळत नाही, असेही रॉस यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. न्यू साउथ वेल्स राज्याने १७ डिसेंबर १९८२ पासून कोणत्याही चालकास, संशय नसतानाही, थांबवून चाचणी घेण्यास प्रारंभ केला. पोलिसांच्या चौक्या मुद्दाम रहदारीच्या व नजरेत भरणाऱ्या जागी उभारण्यात आल्या. पुढील वर्षी रस्त्यांवरील मृत्यू सु. एक-पंचमांशाहून अधिक घटले. तपासणी चालूच राहिल्यामुळे हा लाभ बऱ्याच अंशी टिकून राहिला. स्कॉटलंडने ५ डिसेंबर २०१४ रोजी मर्यादा ८० वरून ५० मिग्रॅ.वर आणली, परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपघातांचे प्रमाण त्यामुळे कमी झाल्याचे आढळले नाही. अंमलबजावणीची जोड नसल्यास केवळ आकडा बदलून फारसे साधत नाही, असे या दोन उदाहरणांच्या तुलनेवरून दिसते.

इतर देशांतील प्रवाह : १९८० नंतर या विषयाकडे पाहण्याचा समाजाचा दृष्टिकोन बदलला. अमेरिकेत अपघातात मुले गमावलेल्या मातांनी त्या वर्षी स्थापन केलेल्या संघटनेने बळींची बाजू लोकांपुढे व विधिमंडळांपुढे मांडली. १९८४ च्या संघीय कायद्याने मद्य खरेदीचे किमान वय २१ न करणाऱ्या राज्यांच्या महामार्ग-निधीत कपात केली. २००० मध्ये त्याच उपायाने ८० मिग्रॅ.ची मर्यादा राज्यांच्या गळी उतरविण्यात आली आणि २००४ पर्यंत ती सर्व राज्यांत लागू झाली. जपानने २००१ मध्ये धोकादायक वाहनचालनाने मृत्यू घडविण्याचा स्वतंत्र अपराध निर्माण केला. २००७ मध्ये चालकास मद्य पुरविणारा, वाहन देणारा आणि जाणूनबुजून त्याच्या सोबत बसणारा यांनाही त्याने शिक्षापात्र ठरविले. ब्रिटनमध्ये मद्याच्या अंमलाखाली निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यू घडविणाऱ्यासाठी १९९१ मध्ये कमाल पाच वर्षांचा कारावास होता. तो टप्प्याटप्प्याने दहा व चौदा वर्षांपर्यंत आणि २०२२ मध्ये जन्मठेपेपर्यंत वाढविण्यात आला.

भारत : १९३९ च्या मोटारवाहन अधिनियमाच्या कलम ११७ मध्ये ब्रिटिश कायद्यातील असमर्थतेचीच कसोटी होती. मुंबई राज्यात तिच्या जोडीला १९४९ चा मद्यनिषेध अधिनियम आला आणि पुराव्याचा प्रश्न वेगळ्याच वाटेने न्यायालयापुढे उभा राहिला. १९५१ च्या मे महिन्यात मुंबईतील एका अधिकाऱ्याच्या जीपखाली काही पादचारी जखमी झाले. तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या तोंडाला मद्याचा वास आला. परंतु त्याचे बोलणे सुसंगत होते व त्याला सरळ रेषेत चालता येत होते. आपण अल्कोहॉलयुक्त औषध घेतले होते, असे त्याचे म्हणणे होते. पेसिकाका खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता केली. घेतलेले मद्य निषिद्ध प्रकारचे होते हे सिद्ध करण्याचा भार अभियोग पक्षावर आहे, असा निर्वाळा या निकालाने दिला.

या त्रुटीवर उपाय म्हणून १९५९ मध्ये मद्यनिषेध अधिनियमात दुरुस्ती झाली. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहॉल आढळल्यास ते औषधादी अनुज्ञात पदार्थातून आले हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर टाकण्यात आली. वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी यांचे नियमही त्याच वर्षी करण्यात आले. पुढे बच्चूभाई करयानी खटल्यात (१९७१) सर्वोच्च न्यायालयाने, मद्याचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या व असंबद्ध बोलणे यांवरून मद्यसेवनाचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, त्यासाठी रक्त वा मूत्र यांची तपासणी हवी, असे मत दिले. साक्षीदाराच्या नजरेची जागा प्रयोगशाळेने घ्यावी, ही भूमिका भारतीय न्यायव्यवस्थेतही अशा रीतीने प्रस्थापित झाली.

१ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या १९८८ च्या मोटारवाहन अधिनियमातील कलम १८५ मध्ये आरंभी कितीही अल्प प्रमाणातील अल्कोहॉल अपराधास पुरेसे होते. १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. ही मर्यादा आली. इंग्लंडमधील मर्यादेपेक्षा ती पुष्कळच कडक आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, २,००० रु.पर्यंत दंड किंवा दोन्ही, तर तीन वर्षांच्या आत अपराध पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, ३,००० रु.पर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षा होत्या. १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा अनुक्रमे १०,००० व १५,००० रु. झाल्या. पुनरपराधासाठीची तीन वर्षांची अट काढून टाकण्यात आली आणि श्वासपरीक्षणाखेरीज प्रयोगशाळेतील तपासणीसही स्पष्ट मान्यता मिळाली. कलम २० नुसार दोषी चालकास किमान सहा महिने परवाना धारण करण्यास अपात्र ठरवावे लागते. कलम २०२ खाली अटक केलेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी न झाल्यास तिला सोडून द्यावे लागते. चाचणीस नकार दिल्यास ती गोष्ट कलम २०५ नुसार अभियोग पक्षाच्या पुराव्यास पुष्टी देणारी मानता येते.

मृत्यू घडल्यास : मद्यपी चालकाच्या हातून माणूस दगावल्यास प्रकरण मोटारवाहन अधिनियमापुरते राहत नाही. भारतीय दंड संहितेत १८७० साली घातलेल्या कलम ३०४अ मध्ये अविचाराने किंवा हयगयीने मृत्यू घडविण्यास केवळ दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होती. कलम ३०४ च्या दुसऱ्या भागात, मृत्यू घडण्याचा संभव असल्याची जाणीव असताना केलेल्या सदोष मनुष्यवधास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. दोन्ही कलमांतील भेद जाणिवेचा आहे आणि खरा वाद येथेच उद्भवतो. मद्यपान करून भरधाव गाडी हाकणारा केवळ बेपर्वा असतो, की परिणामाची जाणीव असूनही तो धोका पत्करतो ? संहितेच्या कलम ८६ ने या प्रश्नास एक दिशा दिली होती. स्वेच्छेने नशा करणाऱ्याच्या ठायी, शुद्धीत असता जी जाणीव त्याला असती, तीच गृहीत धरावी, असे त्यात म्हटले होते.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्रे येथील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली. त्यात सातजण मृत्यू पावले व आठजण जखमी झाले. सत्र न्यायालयाने चालकास कलम ३०४अ खाली सहा महिन्यांचा साधा कारावास दिला. मुंबई उच्च न्यायालयाने या निकालाची स्वतःहून दखल घेतली आणि २००७ मध्ये सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांची शिक्षा फर्माविली. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम केली. दिल्लीत १० जानेवारी १९९९ रोजी झालेल्या, सहाजणांचे बळी घेणाऱ्या अपघाताच्या खटल्यातही ३ ऑगस्ट २०१२ रोजी सदोष मनुष्यवधाचाच निष्कर्ष निघाला. तथापि भोगलेली दोन वर्षांची कैद पुरेशी मानून आरोपीस ५० लाख रु. भरण्याचा व दोन वर्षे समाजसेवा करण्याचा आदेश देण्यात आला. अशा रीतीने अपराधाचे नाव बदलले, तरी शिक्षेचे मान मर्यादितच राहिले. विधी आयोगाने २००९ मध्ये आपल्या २३४ व्या अहवालात शिक्षा वाढविण्याची शिफारस केली होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने हयगयीने मृत्यू घडविण्याची कमाल शिक्षा पाच वर्षे केली. सदोष मनुष्यवधाची तरतूद कलम १०५ मध्ये आहे.

पुरावा व अंमलबजावणी : मापनावर उभा असलेला कायदा नमुन्याच्या विश्वसनीयतेवर अवलंबून असतो. रक्त कोणी व केव्हा काढले, ते कशात ठेवले, मोहोर कोणी लावली आणि प्रयोगशाळेपर्यंत कोणी नेले, या साखळीतील एक दुवा निखळला, तरी आकड्याला अर्थ उरत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांसह काही व्यक्तींना अटक झाली, तेव्हा हा प्रश्न देशभर चर्चिला गेला. शिक्षेची तरतूद कितीही कडक असली, तरी नमुन्याचा पुरावा संशयास्पद ठरल्यास ती निष्फळ होऊ शकते.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मद्यपान हे कारण नोंदविलेल्या मृत्यूंचे प्रमाण यांत अल्प दिसते. तथापि अपघातात सापडलेल्या प्रत्येक चालकाची रक्ततपासणी सर्वत्र नियमाने होत नसल्याने या नोंदींवरून प्रश्नाचे खरे मान कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मी.च्या आत मद्यविक्रीस मनाई करून या प्रश्नाच्या प्रतिबंधक बाजूकडे लक्ष वेधले. पुढे २०१७ मध्ये लहान वस्त्यांसाठी हे अंतर २२० मी. करण्यात आले आणि नगरपालिका क्षेत्रांना सवलत मिळाली.

जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण चालकांसाठी ५० मिग्रॅ. व नवशिक्या तरुण चालकांसाठी २० मिग्रॅ. या मर्यादांची शिफारस करते. भारताची ३० मिग्रॅ.ची मर्यादा त्यांच्या मधोमध येते. पहिल्या अपराधाचा दंडही २०१९ मध्ये पाचपट झाला. यामुळे भारतीय कायद्याची उणीव मर्यादेत किंवा दंडाच्या रकमेत शोधावी लागत नाही. रात्रीच्या रस्त्यावर किती वाहने थांबविली जातात, किती श्वास मोजले जातात आणि घेतलेला नमुना न्यायालयापर्यंत शाबूत पोहोचतो की नाही, यांवर या दंडविधानाचे यश अवलंबून आहे. पादचारी, सायकलस्वार व पदपथावर रात्र काढणारे मजूर यांच्या जीविताचे रक्षण हा त्याचा मूळ हेतू असून त्यांच्या दृष्टीने अपघातानंतरच्या दीर्घ कारावासापेक्षा अपघातापूर्वीची तपासणी अधिक मोलाची ठरते.